गुलाबाईच्या बातम्या

अक्का, या वर्षी कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू झाला. "थांब गं रेखा, एक वाक्य बदलायचं राहिलंय," असं म्हणत पडद्यामागून कुणी हात वर केला नाही, म्हणून झाला. इतकी वर्षं त्या वेळेसाठी मी तुझ्याशी भांडले. काल घड्याळ पाहिलं, सगळं वेळेवर होतं, आणि आता कुणावर डाफरायचं ते मला कळेना.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर लिहून द्यायला सांगितलंय. विमलअक्का मूळच्या पिंपळनेरच्या, दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत मराठीच्या शिक्षिका, निवृत्तीनंतर धुळ्याला पुतण्याकडे, हे सगळं तुझ्या शाळेतले लोक लिहितील. मी सवयीनं मुद्दे काढायला बसले. पाचव्या मुद्द्याला पेन खाली ठेवलं. माझे मुद्दे तुला कधी आवडले नाहीत. "तुझ्या मुद्द्यांना पाय नसतात गं, ते जागेवरच बसतात," म्हणायचीस. तेव्हा सरळ तुलाच लिहिते.

पहिल्या वर्षीचा बेत मला अजून पाठ आहे. वीस मिनिटांची नाटिका. पात्रं पाच. सामान: एक खुर्ची, एक बॅग, एक दाराची चौकट. वसाहतीतल्या मुली तेव्हा गुलाबाईपुढे टिपऱ्या घेऊन चार गाणी म्हणायच्या, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायच्या आणि खाऊ हातात पडला की पळायच्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेला माहेरी आलेली गुलाबाई कोजागिरीला सासरी परत निघायची, म्हणजे तिच्या मूर्तीचं विसर्जन व्हायचं, तेव्हा तिच्यामागे फक्त आयाच उरायच्या. मंडळाची सचिव म्हणून मला ते बरं वाटेना. शेवटच्या दिवशी काहीतरी असं हवं, की मुली थांबतील. म्हणून मी तुझ्या क्वार्टरवर आले. तू ओट्यावर पेपर तपासत बसली होतीस.

"बाई, वीस मिनिटांचं काहीतरी लिहून द्या. गुलाबाईवर."

"काय लिहू?"

"ती येते, आई विचारते, ती सांगते, ती जाते."

"काय सांगते?"

"काहीही. सासरचं. तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हांला सुचेल."

तू लाल पेनला टोपण लावलंस. "हे बघा, मी देवीला हात जोडणाऱ्यातली नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते. पण ती माहेरी येते म्हणालात ना? मग ती कुणाची तरी लेक झाली. लेकीची विचारपूस करायला माझी काही हरकत नाही."

आठवड्याभरात तू कागद आणून दिलेस, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले. गुलाबाईचं सासर तू नरडाण्याला ठेवलं होतंस आणि तिच्या नवऱ्याला, गुलोजीला, तिथल्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत लावलं होतंस. ती पॅसेंजरनं भुसावळला उतरते आणि रिक्षानं आपल्या फाट्यावर येते. मी म्हटलं, "देवीला पॅसेंजर?" तू म्हणालीस, "मग काय विमानतळ आहे नरडाण्याला?"

आईचं काम कुणी घेईना, कारण पांढऱ्या केसांचा टोप घालावा लागणार होता. "माझे आहेतच पांढरे," म्हणून तू उभी राहिलीस. गुलाबाई झाली अकरावीतली पल्लवी. दारात ती बॅग घेऊन उभी राहिली आणि मी विंगेत कागद धरून पहिलं वाक्य पुटपुटले, "ये बाळ, प्रवास कसा झाला?" ते माझंच वाक्य होतं, मी तुझ्या कागदात घुसडलेलं. तू ते म्हणालीच नाहीस. तू पिंपळनेरच्या घरात म्हणाली असतीस तसं, अहिराणीत म्हणालीस:

"उनी का वं माय? जेवनी का?"

आणि मग जे कागदावर नव्हतंच ते केलंस. पल्लवीच्या हातातली बॅग घेऊन जराशी उचलून पाहिलीस. "बॅग हलकी शे. चार दिनमा जाशी तू."

समोरच्या सतरंज्यांवर आधी हशा पिकला. मग तो एकदम थांबला. आमच्या यावलकडची बोली वेगळी, पण आम्हांला कुणाला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. बॅग उचलून पाहणारी आई तिथं प्रत्येकीला होती, किंवा कधीतरी होती. मागच्या रांगेतून एक बाई उठली आणि थेट पल्लवीलाच विचारू लागली, "सासू बोलते का गं तुला?" पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कागदात याचं उत्तर नव्हतं. पोरगी हुशार, म्हणाली, "बोलते, पण डाळ चांगली करते." वीस मिनिटांची नाटिका तासभर चालली. मुली थांबल्या. माझं काम झालं होतं. नाटिका संपली, सामान परत केलं, माझ्या दृष्टीनं विषय मिटला.

तो मिटला नाही, कारण बाजारच्या दिवशी बायका तुला भाजीच्या पाट्यांपाशी गाठू लागल्या. गुलाबाईचं पुढं काय झालं? गुलोजी पर्मनंट झाला का? सासूचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? तू मला बोलावून घेतलंस आणि म्हणालीस, "ती पुढल्या वर्षी येईल तेव्हा वर्षभराचं सांगेल ना. एकदम गप्प कशी बसेल?" मी म्हटलं, ठीक आहे, दुसरा भाग, पुन्हा वीस मिनिटं. तू मान हलवलीस. आपली भांडणं तिथून सुरू झाली आणि भांडता भांडता 'विमलबाई तुम्ही'ची 'अक्का तू' कधी झाली, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या भागाच्या तयारीत पलीकडच्या लाइनीतल्या शोभाताई तुझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मी तिथंच पात्रांची यादी करत होते. चहा झाला, पाण्याच्या वेळेवर बोलणं झालं. मग त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बाई, असं घाला ना नाटकात. गुलाबाईच्या दिरानं यंदा वेगळी चूल मांडली. सासू त्याच्याकडे गेली. जाताना गुलाबाईशी बोललीसुद्धा नाही. इतकी वर्षं तिचं केलं, आणि बोललीसुद्धा नाही."

मी तोंड उघडलं होतं. तू हळूच माझ्या पायावर पाय ठेवलास. "बरं," म्हणालीस, "मग गुलाबाई काय करते?"

"काही नाही," शोभाताई म्हणाल्या. "सवयीनं दोन पोळ्या जास्त करते."

त्या गेल्यावर मी यादी बाजूला ठेवली. मग मी नियम सांगितला: गुलाबाईची कुणीही बातमी आणली की ती घ्यायची. कुणाची, ते विचारायचं नाही. तू म्हणालीस, "तुझ्या सगळ्या नियमांत हा एकच मला पटला."

त्या दोन पोळ्या कोजागिरीला रंगमंचावर आल्या. तू आई होऊन फक्त एवढंच म्हणालीस, "मग त्या कोन खास?" आणि पल्लवी म्हणाली, "मीच खाते. म्हणून जाड झाले." शोभाताई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, तेही हसण्यात खपून गेलं.

मग वर्षभर बातम्या येऊ लागल्या. स्टोअरच्या काउंटरवर मी नटबोल्ट मोजून देत असले तरी कुणीतरी खालच्या आवाजात सांगायचं, "अक्कांना सांगा, गुलाबाईनं यंदा स्कूटी शिकली. नवऱ्याला न सांगता." कुणी सांगायचं, गुलाबाईच्या लेकीला दहावीला कमी मार्क पडले आणि ती पेढे वाटून मोकळी झाली. बॉयलरकडचे एक काका निवृत्त झाल्यावर तुझ्याकडे आले आणि खूप वेळ खोकून म्हणाले, "गुलोजीचंपण घाला की काहीतरी. तो अजून पहिल्या पाळीच्या वेळेला उठतो. बूट घालून बसतो." तू ते तसंच्या तसं घातलंस. बूट घालून खुर्चीवर बसलेला गुलोजी, आणि शेजारी काही न बोलता चहा ठेवणारी गुलाबाई. त्या प्रवेशात एकही वाक्य नव्हतं. मी तो काढायला सांगत होते, अक्का. "बोलत नाहीत तर लोक काय बघतील?" लोकांनी तेच पाहिलं.

पात्रं पाचाची पंधरा झाली. नरडाण्याची शेजारीण आली, अंगणवाडीच्या बाई आल्या, एक कडक तिकीट तपासनीस आला. तो एका वर्षापुरता होता, पण लोकांना इतका आवडला, की दर वर्षी गुलाबाई विनातिकीट सापडायला हवी असा हट्ट सुरू झाला. मी तक्ता करायची: भाग, पात्रं, मिनिटं. तू तक्त्याच्या समासात नवीन माणूस लिहायचीस. शिवाय तुझं कॅलेंडर कुणाच्या ताब्यात नव्हतं. गुलाबाई दोन वर्षांत पाच वर्षांनी मोठी व्हायची. मी हिशेब दाखवला की तू म्हणायचीस, "बाया अशाच मोठ्या होतात. तू बघत नाहीस."

आणि ती ओटी! ती आठवली, की मला अजूनही आधी घाम फुटतो आणि मग हसू येतं. त्या वर्षी तू गुलाबाईला दिवस गेल्याचं लिहिलं होतंस. पल्लवी पोटाला उशी बांधून आली. तू विचारलंस, "काय खावासं वाटतं?" ती म्हणाली, "वांग्याचं भरीत." एवढंच होतं. पण समोरच्या बायका उठल्या. कुणी डब्यातून भरीत काढलं, कुणी कळण्याची भाकरी, कुणी हिरव्या बांगड्या. म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं, तालमीतून बातमी फुटली होती. शोभाताईंनी खण, नारळ, तांदूळ आणले होते. बघता बघता पल्लवीला खुर्चीवर बसवून तिची ओटी भरली गेली. मी विंगेतून हातवारे करतेय, वेळ संपली, वेळ संपली. तेवढ्यात पल्लवीची आजी काठी आपटत पुढं आली.

"अगं भवान्यांनो! माझ्या नातीचं अजून लग्न नाही! कुणाची ओटी भरताय?"

सगळ्या गार. शोभाताईंच्या हातात अर्धा नारळ. पल्लवी उशी धरून उभी, हसावं का रडावं. तूच पुढं झालीस आणि आजीच्या पाया पडलीस, रंगमंचावर, सगळ्यांसमोर. "आजी, ती पल्लवीची नव्हती. गुलाबाईची होती."

"मग गुलाबाईला द्या! माझी पोरगी घरी जाते," आजी म्हणाली आणि नातीला उशीसकट घेऊन गेली.

तिथून ठरलं, की गुलाबाईचं काम संसारी बाईनं करायचं. सगळी वाक्यं पाठ असणारी एकच होती, कारण ती दर वर्षी विंगेतून पुटपुटायची. मी नाही म्हटलं. मला अभिनय येत नाही, मला माणसं मोजता येतात. तू म्हणालीस, "अभिनय कुणी मागितलाय? बॅग घेऊन दारात उभी राहा. बाकी मी बघते." आणि मी तुझी लेक झाले, अक्का. वर्षातून एकदा, कोजागिरीला, चौकटीत उभी राहायचे आणि तू बॅग उचलून पाहायचीस.

बॅगेवरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तुझं म्हणणं, तिच्यात खरे कपडे भरायचे. माझं म्हणणं, रिकामी बॅग ने-आण करायला सोपी. "रिकामी बॅग मी जड कशी म्हणू?" "अभिनय कर." "मला अभिनय येत नाही," तू माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारायचीस. म्हणून आपली गुलाबाई इतकी वर्षं 'चार दिनमा' जाणारीच राहिली. तू तिची बॅग कधी जड म्हणालीच नाहीस.

मग तू निवृत्त झालीस आणि धुळ्याला गेलीस. मला वाटलं, प्रकल्प संपला. मी सगळे भाग क्रमानं लावून फायलींत बंद केले आणि पाठीला नंबर घातले. त्या भाद्रपदात गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "पारोळा गेलं. एरंडोलपाशी आहे. फाट्यावर ये." मी स्कूटी घेऊन आले. तू एसटीतून उतरलीस, हातात मोठी बॅग. माझ्या तोंडून काय निघालं, आठवतं? "जेवलीस का?" तू हसत सुटलीस. रस्त्यातच बॅग खाली ठेवून हसलीस. "उचलून बघ की आता," म्हणालीस.

बॅग जड होती. महिनाभराचं होतं त्यात सगळं.

त्यानंतर दर वर्षी तसंच. रंगमंचावर दार तू उघडायचीस, घरी मी. महिनाभर आमच्या क्वार्टरमध्ये तुझी खाट, तुझे पाठकोरे कागद, आमच्या यांच्याशी वरणात लसूण किती यावरून तुझा वाद. कोजागिरीनंतर दोन दिवसांनी मी तुला बसमध्ये बसवून द्यायची. तुझ्या बॅगेत केळीचे वेफर्स, ज्वारीचे बिबडे, शेव, आणि पुढच्या भागाच्या नोंदी माझ्या अक्षरात. तू त्या कधी वाचल्या नाहीस, हे मला माहीत होतं.

कोरोनाच्या वर्षी एसटी बंद. तू धुळ्यात, मी इथं. मी म्हटलं, या वर्षी रद्द. तू म्हणालीस, "रद्द कसं? गुलाबाईला यंदा माहेरी येता आलं नाही, हीच बातमी." बायकांनी आपापल्या स्वयंपाकघरातून आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकले. तू आई, मी लेक, आणि मधे कुकरच्या शिट्ट्या. शेवटी तू विचारलंस, "बठ्ठं सांग माले, काय काय करस दिवसभर?" ते लिहिलेलं नव्हतं. मी दिवसभर काय करते ते सांगत गेले, खरं खरं, भांडी, पाणी, ड्युटी, सासऱ्यांच्या गोळ्या. कुणीतरी खाली लिहिलं, 'गुलाबाईचं काम फार सुंदर झालं.' मी काम केलंच नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी तू एक नवाच विषय काढलास. ओट्यावर पाय सोडून बसली होतीस.

"रेखा, एक वर्ष तरी तिला राहू दे."

"कुणाला?"

"गुलाबाईला. जायचं नाही तिनं. आई म्हणेल राहा, आणि ती राहील."

"अक्का, कोजागिरीला विसर्जन असतं. ती निघते, मागोमाग सगळे मूर्ती घेऊन निघतात. तिथं कार्यक्रम संपतो."

"मूर्ती जाऊ दे. बाई राहू दे."

"आणि ती गेलीच नाही तर पुढल्या वर्षी येणार कशी? मालिका तिथंच संपली."

"म्हणजे तुझं नियोजन बिघडेल. एवढंच ना?"

एवढंच होतं. मी तसं म्हटलंही. त्या वर्षी गुलाबाई नेहमीप्रमाणे गेली. दुसऱ्या वर्षी तू पुन्हा म्हणालीस. तिसऱ्या वर्षीही. दर वेळी मी तेच उत्तर दिलं आणि दर वेळी तू पेन उचलून तिला परतीच्या गाडीत बसवलंस. जळगावहून कुणीतरी आलं होतं, सगळ्या भागांचं पुस्तक काढू म्हणाले. मला आवडलं होतं. तू नको म्हणालीस. "पुस्तकाला शेवटचं पान लागतं. ते आमचं ठरत नाही," म्हणालीस, आणि माझ्याकडे पाहिलंस.

तुझा शेवटचा फोन गणपतीच्या दिवसांतला. श्वास लागत होता, पण आवाज मास्तरणीचाच. "मागच्या वर्षी गुलाबाईच्या लेकीचं लग्न लावून दिलं. आता तिची पोरगी सासरी गेली, सासू गेली. नरडाण्याला कोण आहे तिचं?"

"गुलोजी आहे की."

"तोपण येईल इकडे. बूट घालून." मग म्हणालीस, "या वर्षी जायचं नाही तिनं."

"आणि पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी. तू ये फाट्यावर, मग भांडू."

फाट्यावर यायची वेळ आलीच नाही. तुझ्या पुतण्याचा फोन आला, तेव्हा घरोघर आरत्या चालल्या होत्या. मी धुळ्याला आले. तिथं काय काय लागेल ते पाहिलं, फुलं, पाणी, बसायला सतरंज्या, लोकांची जेवणं. रडले नाही. कुणाला तरी ते सगळं बघावंच लागतं. परत येताना पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि मला वाटलं, आता कुणाला फोन करून सांगू.

अक्का, मी तुला विचारलं नाही. ते 'राहू दे' कुणाचं होतं? गुलाबाईचं, का आमच्या क्वार्टरमधल्या खाटेवर महिनाभर झोपून नंतर बॅग भरणाऱ्या बाईचं? कुणाचं ते विचारायचं नाही, हा नियम माझा होता. तू तो इतकी वर्षं पाळलास, मीही पाळला. मोडायला हवा होता का, मला माहीत नाही. पुतण्या तुझं चांगलंच करत होता, तू तिथंही सुखात होतीस. पण मी एकदा म्हणायला हवं होतं, 'अक्का, बॅग उघड, कपडे कपाटात लाव.' तू नाही म्हणाली असतीस, कदाचित. तरी.

भाद्रपद पौर्णिमेला मूर्ती बसली. मंडळाची बैठक झाली. यंदा नाटक नको, गाणी, खाऊ आणि दोन मिनिटं शांतता, असं ठरत आलं होतं. मी लिहूनही घेतलं. बैठक उठल्यावर शोभाताई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. आता त्या भुसावळला राहतात, पाठ वाकलीय. वसाहतीतली निम्मी क्वार्टर रिकामी झाली, तरी गुलाबाईला त्या येतात. चहा झाला. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या:

"गुलाबाईची बातमी आहे बाई एक. तिची आई गेली ना गं यंदा."

मी रिकामे कप एकात एक ठेवले.

"फार एकटी पडली म्हणे गुलाबाई. लोकांसमोर रडलीसुद्धा नाही. सगळं बघत बसली, सतरंज्या आणि जेवणं."

"हो," मी म्हटलं. "म्हणे."

आणि मग मी रडले. त्यांनी विचारलं नाही, कुणाचं. शेजारी बसून राहिल्या. इतक्या वर्षांत प्रत्येकीनं बातमी आणली होती, माझी एकही नव्हती. मला वाटायचं, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. डोळे पुसून मी माझी पहिली बातमी दिली.

"शोभाताई, गुलाबाई म्हणते, यंदा ती परत जायची नाही."

"बरं," शोभाताई म्हणाल्या. "मग ती काय करते?"

काय करते, ते मला लिहावं लागलं. तुझ्यासारखं पाठकोऱ्या कागदावर, तक्ता न करता. तुला वाचून दाखवता आलं नाही, म्हणून काल काय झालं ते सांगते.

गुलाबाई आली. पन्नाशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली. दार बंद होतं. तिनं हाक मारली नाही. स्वतःच कडी काढली, बॅग आत नेली. खुर्चीवर धूळ होती, ती पदरानं पुसली. चूल पेटवली. समोर इतकी माणसं बघत होती. 'बोलत नाहीत तर लोक काय बघतील' म्हणणारी मीच तिथं न बोलता वावरत होते. मग विसर्जनाची वेळ झाली. मुली उठल्या, गाणी म्हणत मूर्ती घेऊन मैदानाच्या दारापर्यंत गेल्या. दर वर्षी मी त्यांच्यापुढे चालायची. काल मी चौकटीत उभी राहिले आणि गुलाबाई गेली नाही. मूर्ती गेली, बाई राहिली. तू म्हणाली होतीस तशी.

मालिका तिथं संपायला हवी होती. माझा आक्षेप बरोबर होता ना? पण गर्दीतून पल्लवी आली. आता दोन मुलांची आई आहे, माहेरपणाला आली होती. मी तिला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं: तू गुलाबाईची लेक. आई इथं राहिली म्हटल्यावर तुझं माहेर इथंच. दारात येऊन उभी राहा. तिच्या आजीची परवानगीही काढली होती. आजी आता अंथरुणावर असते. म्हणाली, "आता भरा म्हणावं ओटी, काय भरायची ती."

पल्लवी दारात उभी राहिली. आईचं वाक्य मी साधं लिहून ठेवलं होतं. 'आलीस? जेवलीस का?' एवढंच. माझी बोली पिंपळनेरची नाही, मला तुझ्यासारखं जमणार नाही, हे धरूनच चालले होते. पण तोंड उघडलं आणि आवाज आला:

"उनी का वं माय? जेवनी का?"

पल्लवीचा चेहरा हलला. पुढचं वाक्य विसरली ती. मी हात पुढं करून तिची बॅग घेतली आणि तुझ्यासारखी जराशी उचलून पाहिली, रिकामीच असणार म्हणून सैल हातानं.

उचलेना. पल्लवीनं तिच्यात कपडे भरले होते, अक्का. मी दोन्ही हातांनी ती उचलली आणि आत नेऊन ठेवली.